परदेशी शिष्यवृत्ती: पैसे कोणाचे आणि ते तुम्हाला का द्यायचे?

परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळवू पाहणारा विद्यार्थी बहुधा पहिला प्रश्न गुणांविषयी विचारतो: एवढ्या टक्क्यांवर मिळेल का? प्रश्न स्वाभाविक आहे, कारण शिष्यवृत्ती हा शब्द शाळेपासून परीक्षेच्या निकालाला जोडूनच आपल्या कानावर पडलेला असतो. पदव्युत्तर पातळीवर मात्र बहुतेक आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्त्यांचे स्वरूप वेगळे असते. तेथे कोणीतरी एखाद्या निश्चित हेतूने पैसे बाजूला काढलेले असतात आणि तो हेतू पुढे नेणारी माणसे निवड समिती शोधत असते. गुण हा उंबरठा असतो. तो ओलांडणारे उमेदवार जागांच्या कितीतरी पट असतात आणि खरी निवड त्यानंतर सुरू होते. म्हणून ज्याला ही प्रक्रिया समजून घ्यायची आहे, त्याने आपल्या गुणपत्रकाआधी देणाऱ्याचा हेतू वाचावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कोणती शिष्यवृत्ती निवडावी, निबंधात काय लिहावे, शिफारस कोणाची घ्यावी, मुलाखतीत कशाला सामोरे जावे लागेल आणि शिक्षण संपल्यावर कोणत्या अटी पाळाव्या लागतील, या सगळ्यांची उत्तरे त्या हेतूतच दडलेली असतात.

हा हेतू किती वेगवेगळा असू शकतो, हे काही जुन्या शिष्यवृत्त्यांच्या जन्मकथांवरून कळते. ऑक्सफर्ड विद्यापीठातील ऱ्होड्स शिष्यवृत्ती सेसिल ऱ्होड्स यांच्या मृत्युपत्रातून निघाली. त्यांचा मृत्यू 1902 साली झाला आणि पुढच्याच वर्षी पहिले विद्यार्थी ऑक्सफर्डला पोहोचले. दक्षिण आफ्रिकेतील खाणींतून संपत्ती मिळवणाऱ्या या कट्टर साम्राज्यवादी माणसाला इंग्रजी भाषक जगाचे भावी नेते एकत्र वाढवायचे होते. म्हणूनच मृत्युपत्रात विद्वत्तेच्या जोडीला चारित्र्य, दुर्बलांविषयी सहानुभूती, नेतृत्वाची ओढ आणि खेळांची आवड या कसोट्याही घातल्या होत्या. स्त्रियांना ही शिष्यवृत्ती 1977 पर्यंत मिळत नव्हती. आज तिचे स्वरूप पुष्कळ बदलले असले तरी केवळ अभ्यासात पहिला असलेला, पण स्वतःपलीकडे कशातच न गुंतलेला उमेदवार तेथे मागे पडतो, आणि त्याचे मूळ त्या मृत्युपत्रात आहे.

जे. विल्यम फुलब्राइट 1925 साली ऱ्होड्स शिष्यवृत्तीवरच ऑक्सफर्डला गेले होते. पुढे अमेरिकेचे सिनेटर झाल्यावर त्यांनी मांडलेल्या कायद्यावर 1 ऑगस्ट 1946 रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांची सही झाली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशांत पडून राहिलेल्या अमेरिकी युद्धसामग्रीच्या विक्रीतून आलेला पैसा विद्यार्थ्यांच्या व अध्यापकांच्या देवाणघेवाणीसाठी वापरला जाऊ लागला. फुलब्राइट कार्यक्रमाचा घोषित हेतू आजही राष्ट्राराष्ट्रांतील परस्पर समज वाढवणे हाच आहे. त्यामुळे तेथे प्रकल्प उत्तम असून पुरत नाही. तो त्या देशात जाऊनच का करायचा आणि तुम्ही तेथील लोकांना व परतल्यावर आपल्या लोकांना काय द्याल, हेही विचारले जाते. जर्मनीची डाड ही संस्था 1925 मध्ये हायडलबर्ग येथे सुरू झाली. शैक्षणिक देवाणघेवाण हेच तिचे काम असल्याने ती नेतृत्वाच्या कथांपेक्षा अभ्यासाची तयारी आणि निवडलेल्या विषयाची सुसंगती यांना अधिक वजन देते. ब्रिटनची चेव्हनिंग शिष्यवृत्ती 1983 पासून तेथील परराष्ट्र खात्याच्या पैशावर चालते. पुढील काळात आपापल्या देशांत निर्णय घेण्याच्या जागी पोहोचतील अशी माणसे तिला हवी असतात. म्हणून ती किमान दोन वर्षांचा, म्हणजे 2,800 तासांचा, कामाचा अनुभव मागते. 1959 साली ठरलेल्या राष्ट्रकुल शिष्यवृत्ती योजनेचा ब्रिटनमधील आजचा भर विकासावर आहे, आणि तिच्या अनेक प्रकारांत उमेदवाराला स्वखर्चाने ब्रिटनमध्ये शिकणे परवडत नसावे, अशी अटच आहे. केंब्रिज विद्यापीठाला 2000 साली मिळालेल्या 21 कोटी डॉलरच्या देणगीतून गेट्स केंब्रिज शिष्यवृत्ती उभी राहिली. तिच्या चार निकषांपैकी एक ‘इतरांचे जीवन सुधारण्याची बांधिलकी’ असा आहे.

आता समजा, एकाच विद्यार्थिनीने या सगळ्या ठिकाणी एकच निबंध नावे बदलून पाठवला. निबंध चांगला असला तरी तो यांपैकी बहुतेक ठिकाणी प्रश्नाचे उत्तर देणार नाही, कारण प्रत्येकाचा प्रश्न निराळा होता. नाकारल्या गेलेल्या ज्या अर्जांचे मसुदे मी वाचले आहेत, त्यांतील फार थोडे अर्ज कमकुवत विद्यार्थ्यांचे होते. बाकीच्यांत योग्य माणूस चुकीच्या दारावर उभा होता, किंवा दार योग्य असूनही तेथे काय विचारले आहे ते त्याने नीट ऐकले नव्हते.

नावाजलेल्या शिष्यवृत्त्यांपलीकडचा मोठा पैसा

वर सांगितलेल्या शिष्यवृत्त्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात आणि म्हणूनच त्यांच्यासाठी झुंबड उडते. पण परदेशात विनाखर्च शिकणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी फार मोठ्या वर्गाने अशा कोणत्याही शिष्यवृत्तीचा अर्ज कधी भरलेला नसतो. त्यांचा खर्च विद्यापीठ, विभाग किंवा संशोधन प्रकल्प उचलतो. हा भाग समजून घेतल्याशिवाय ‘शिष्यवृत्ती मिळत नाही’ असे म्हणणे घाईचे ठरेल.

अमेरिकेतील पीएचडीचे उदाहरण घ्या. विज्ञान, अभियांत्रिकी आणि पुष्कळशा सामाजिक शास्त्रांच्या विभागांत प्रवेशाबरोबरच शुल्कमाफी, निर्वाह भत्ता आणि बहुधा आरोग्य विमा मिळतो. त्याच्या बदल्यात विद्यार्थी अध्यापन साहाय्यक किंवा संशोधन साहाय्यक म्हणून काम करतो. विद्यार्थी व्हिसावर असलेल्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला 20 तासांपर्यंत काम करता येते आणि या नेमणुका त्या मर्यादेत बसवलेल्या असतात. युरोपातील रीत आणखी निराळी आहे. नेदरलँड्स आणि स्कँडिनेव्हियाच्या देशांत पीएचडीचा विद्यार्थी बहुतांशी विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो. त्याची जागा नोकरीच्या जाहिरातीसारखी प्रसिद्ध होते आणि अर्जही तसाच करावा लागतो. त्यामुळे शिष्यवृत्त्यांच्या याद्या चाळणाऱ्याला या जागा दिसतच नाहीत. युरोपीय संघाच्या पैशावर अनेक संस्था मिळून चालवतात त्या मारी स्क्लोदोव्हस्का-क्युरी डॉक्टरल जाळ्यांतील जागाही याच प्रकारच्या आहेत. त्यांना एक खास अट असते: नेमणुकीच्या आधीच्या 36 महिन्यांत उमेदवाराने यजमान देशात 12 महिन्यांहून अधिक काळ राहिलेले नसावे. संशोधकांनी देश बदलावा, हाच त्या योजनेचा हेतू असल्याने ही अट आली आहे.

पदव्युत्तर पदवी, म्हणजे मास्टर्स, हे या मानाने अवघड प्रकरण आहे आणि ते आधीच सांगितलेले बरे. पीएचडीचा विद्यार्थी विद्यापीठासाठी संशोधन करतो, शिकवतो, म्हणून त्याच्यावर खर्च करणे विद्यापीठाला पटते. एक-दोन वर्षांच्या मास्टर्समध्ये तसा मोबदला कमी असतो, आणि अनेक विद्यापीठांसाठी हे अभ्यासक्रम उत्पन्नाचे साधन असतात. त्यामुळे मास्टर्ससाठी पूर्ण खर्च देणाऱ्या शिष्यवृत्त्या थोड्या आणि त्यांच्यासाठीची स्पर्धा तीव्र असते. यातून दोन वाटा निघतात. एक वाट इरास्मस मुंडूससारख्या योजनांची आहे. 2004 साली सुरू झालेल्या या युरोपीय योजनेत अनेक विद्यापीठे मिळून एक संयुक्त मास्टर्स चालवतात, विद्यार्थी किमान दोन देशांत शिकतो आणि शिष्यवृत्ती मिळालेल्याला शुल्कमाफीसह दरमहा 1,400 युरो मिळतात. अर्ज एखाद्या सरकारी कार्यालयाकडे न जाता थेट त्या अभ्यासक्रमाच्या विद्यापीठ-संघाकडे करायचा असतो, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. दुसरी वाट शुल्कच नसलेल्या किंवा नाममात्र असलेल्या ठिकाणी जाण्याची आहे. जर्मनीतील बहुतेक सार्वजनिक विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेत नाहीत. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्य मात्र 2017 पासून युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांकडून प्रत्येक सत्राला 1,500 युरो घेते. येथे जुन्या माहितीवर विसंबू नये. डेन्मार्कने 2006, स्वीडनने 2011, फिनलंडने 2017 आणि नॉर्वेने 2023 पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे, तरी ‘स्कँडिनेव्हियात शिक्षण मोफत’ असे सांगणारी जुनी पाने अजूनही फिरत असतात.

काही शिष्यवृत्त्यांना वेगळा अर्ज लागतच नाही. ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन निधीसाठी, ठरलेल्या मुदतीत प्रवेश अर्ज केलेल्या प्रत्येक पात्र विद्यार्थ्याचा आपोआप विचार होतो. याउलट स्टॅनफर्डच्या नाइट-हेनेसी शिष्यवृत्तीसाठी विभागाकडे एक आणि शिष्यवृत्तीकडे दुसरा असे दोन स्वतंत्र अर्ज करावे लागतात, आणि विभागाने प्रवेश नाकारल्यास शिष्यवृत्तीचा प्रश्नच उरत नाही. गेट्स केंब्रिजमध्येही आधी विभाग आपले उमेदवार सुचवतो आणि त्यांतूनच पुढची छाननी होते. म्हणून प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांतले आधी काय, कोणाच्या हातात काय, हे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे पाहावे लागते. चेव्हनिंगच्या अर्जात तीन अभ्यासक्रम निवडायचे असतात, पण त्या विद्यापीठांकडे प्रवेश अर्ज स्वतःच करावा लागतो. ‘शिष्यवृत्ती मिळाली की प्रवेशाचे बघू’ असे म्हणणाऱ्याच्या हातातून दोन्ही जाऊ शकतात.

अठरा महिने आधी

अभ्यासक्रम सप्टेंबरात सुरू होणार असेल, तर तयारी त्याच्या आधीच्या वर्षाच्या मार्चच्या सुमारास सुरू झालेली असावी. हे ऐकून अनेकांना धक्का बसतो, पण उलट्या बाजूने मोजले तर ते सहज पटेल. चेव्हनिंगचे अर्ज सामान्यतः ऑगस्टमध्ये खुले होतात आणि शरद ऋतूत बंद होतात. इरास्मस मुंडूसचे बहुतेक अभ्यासक्रम ऑक्टोबर ते जानेवारी या काळात अर्ज घेतात. अमेरिकेतील पीएचडीच्या अनेक मुदती डिसेंबरात असतात, आणि ऑक्सफर्ड व केंब्रिजमध्ये शिष्यवृत्तीसह विचार व्हायचा असेल तर डिसेंबर-जानेवारीची मुदत गाठावी लागते. जपान सरकारची 1954 पासून चालणारी मेक्स्ट शिष्यवृत्ती दूतावासाच्या शिफारशीने मिळवायची असेल, तर तिचे वेळापत्रक या सर्वांहून वेगळे असते. या सगळ्या मुदतींच्या आधी भाषेची परीक्षा द्यायची, शिफारस देणाऱ्यांना किमान महिनाभराचा अवधी द्यायचा, गुणपत्रकांच्या अधिकृत प्रती मिळवायच्या आणि निबंधाचे पाच-सहा मसुदे करायचे. आयईएलटीएस आणि टोफेल या इंग्रजीच्या परीक्षांचे गुण दोन वर्षे, तर जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेचे पाच वर्षे ग्राह्य धरले जातात, म्हणून त्या परीक्षा लवकर देऊन ठेवण्यात तोटा नाही.

पात्रतेच्या अटी या टप्प्यावरच एक-एक करून तपासाव्यात, कारण त्यांत तडजोड होत नाही. डाडच्या विकासविषयक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना साधारणपणे शेवटची पदवी सहा वर्षांहून जुनी नसावी लागते आणि किमान दोन वर्षांचा कामाचा अनुभव असावा लागतो. म्हणजे पदवी मिळाल्यावर लगेच अर्ज करणारा तेथे अपात्र आणि आठ वर्षांनी करणाराही बहुधा अपात्र. मधली काही वर्षेच त्याची असतात. कोणती शिष्यवृत्ती आयुष्याच्या कोणत्या वर्षी आपल्यासाठी खुली असेल, याचा असा तक्ता एकदा मांडला की घाईने केलेल्या पंधरा अर्जांऐवजी नेमके चार-पाच अर्ज करता येतात.

हेतुनिवेदन

सर्व अर्जांचा गाभा म्हणजे हेतुनिवेदन, ज्याला विद्यार्थी एसओपी म्हणतात. त्याविषयी सविस्तर लिहिण्याची गरज आहे, कारण गुण बदलता येत नाहीत, अनुभव एका रात्रीत वाढत नाही, पण हे दोन पानांचे लेखन पूर्णपणे आपल्या हातात असते आणि तरीही सर्वाधिक हानी येथेच होते.

‘लहानपणापासून मला विज्ञानाची आवड होती’ या वाक्याने सुरू होणारे निवेदन वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही, कारण त्याच्या समोरच्या गठ्ठ्यातील प्रत्येकाला विज्ञानाची आवड असते. त्याऐवजी समजा एखाद्या उमेदवाराने असे लिहिले: ‘दोन वर्षे मी एका भागातील विहिरींच्या पाण्यातील नायट्रेट मोजत होतो. शेजारशेजारच्या दोन विहिरींत आकडे तिपटीने वेगळे येत. हे नायट्रेट खतातून आले की सांडपाण्यातून, हे ठरवण्यासाठी नायट्रोजनच्या समस्थानिकांचे विश्लेषण करावे लागते आणि ते मला येत नव्हते.’ या तीन-चार वाक्यांत उमेदवाराने काय केले, त्याला कोणता प्रश्न भेडसावतो, त्याचे ज्ञान कोठे संपते आणि ते कोठे जाऊन वाढवायचे आहे, हे सारे आले. यानंतर त्याने निवडलेल्या विभागात समस्थानिक विश्लेषणाची प्रयोगशाळा आहे असे लिहिले, तर ते वाक्य आपोआप आधीच्या वाक्यातून उगवते; विद्यापीठाच्या जागतिक क्रमांकाची स्तुती करण्याची वेळच येत नाही. चांगल्या निवेदनाची ओळख हीच की त्यातील कोणताही परिच्छेद काढला तर पुढचा अधांतरी राहतो.

यात एक गोष्ट धीराने स्वीकारावी लागते, ती म्हणजे आपल्याला काय येत नाही हे लिहिणे. विद्यार्थ्यांना भीती वाटते की उणीव सांगितली तर नाकारले जाऊ. वास्तविक ज्याला सगळे येते त्याच्यावर शिकण्यासाठी पैसे का खर्चावेत? निवड समितीला उणीव हवीच असते. पण ती नेमकी आणि या अभ्यासक्रमाने भरून निघणारी असावी. एखाद्या सत्रात गुण घसरले असतील, शिक्षणात खंड पडला असेल, तर त्याचे कारण दोन वाक्यांत, तक्रारीचा सूर न लावता सांगावे आणि पुढे जावे. न सांगितलेला खंड वाचणाऱ्याच्या मनात सांगितलेल्या खंडापेक्षा मोठा होतो.

पुढील योजनेविषयी लिहिताना हेतूचा मुद्दा पुन्हा येतो. ‘मला समाजाची सेवा करायची आहे’ हे वाक्य खरे असले तरी पोकळ वाटते, कारण त्यात कोणता समाज, कोणती सेवा आणि कोणत्या जागेवरून, यांपैकी काहीच नाही. वरच्या उदाहरणातील उमेदवार जर म्हणाला की परतल्यावर भूजल तपासणाऱ्या यंत्रणेत काम करून विहिरींच्या नियमित तपासणीत स्रोत ओळखण्याची पद्धत आणायची आहे, आणि पहिल्या तीन वर्षांत ती कोणत्या टप्प्यांनी आणता येईल, तर विकासावर भर देणाऱ्या समितीला तिचा हेतू त्याच्या योजनेत दिसेल. तीच योजना शुद्ध संशोधनाला पैसे देणाऱ्या निधीकडे पाठवताना भर समस्थानिकांच्या पद्धतीतील न सुटलेल्या प्रश्नावर हवा. यात खोटेपणा नाही. माणूस एकच असतो, त्याच्या कामाच्या अनेक बाजू असतात आणि विचारणाऱ्याला हवी ती बाजू त्याच्याकडे वळवून दाखवायची असते. खोटेपणा तेथे सुरू होतो, जेथे दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून निबंध लिहून घेतला जातो. तसे लेखन गुळगुळीत असते, त्यात विहीर नसते, आणि मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ते उघडे पडते.

शिफारसपत्रे आणि पत्रव्यवहार

शिफारस कोणाची घ्यावी, याबाबत आपल्याकडे पदाचे दडपण फार असते. विभागप्रमुखांनी किंवा एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याने लिहिलेले ‘हा विद्यार्थी हुशार आणि मेहनती आहे’ असे चार ओळींचे पत्र जवळजवळ निरुपयोगी ठरते. ज्या शिक्षकांनी तुमचा प्रकल्प आठवड्यामागून आठवडे पाहिला, तुमची चूक दाखवली आणि तुम्ही ती कशी दुरुस्त केली हे ज्यांना आठवते, त्यांचे पत्र पद लहान असले तरी वजनदार ठरते, कारण त्यात घटना असतात. शिफारस मागताना सरांना किंवा मॅडमना आपली गुणपत्रके, हेतुनिवेदनाचा मसुदा, शिष्यवृत्तीचे निकष आणि त्यांच्याबरोबर केलेल्या कामाची एक पानी आठवण, हे सगळे एकत्र द्यावे. त्यांना तुमच्याविषयी सकारात्मक आणि सविस्तर लिहिता येईल का, हे मोकळेपणाने विचारावे. ते संकोचले तर दुसऱ्यांकडे वळणे दोघांच्याही हिताचे असते. ‘पत्र तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सांगितले जाण्याचा प्रसंग अनेकांवर येतो. तेव्हा आग्रह धरून त्यांना मुद्दे द्यावेत आणि लेखन त्यांनाच करू द्यावे. एकाच हातची तीन पत्रे आणि एक निबंध वाचणाऱ्याला ओळखू येतात, आणि त्यातील अप्रामाणिकपणाची किंमत विद्यार्थ्यालाच मोजावी लागते.

पीएचडीसाठी आणखी एक काम असते: संभाव्य मार्गदर्शकांना पत्र लिहिणे. हे पत्र लहान असावे. त्यांचा एखादा शोधनिबंध खरोखर वाचून त्यातील एका मुद्द्याविषयी विचारलेला नेमका प्रश्न, स्वतःच्या कामाचा दोन-तीन ओळींत परिचय, आणि येत्या वर्षी ते नवे विद्यार्थी घेणार आहेत का ही चौकशी, एवढे पुरे. एकच मजकूर पन्नास जणांना पाठवला तर उत्तर न येणे साहजिक आहे. उत्तर आले नाही तर दोन-तीन आठवड्यांनी एकदा आठवण करावी, आणि त्यानंतरही शांतता असेल तर ती मनाला लावून घेऊ नये.

मुलाखतीसाठी फार सांगण्यासारखे नाही. अर्जात लिहिलेल्या प्रत्येक वाक्याची जबाबदारी घेता आली पाहिजे, आपल्या विषयाबाहेरच्या सुशिक्षित माणसाला आपले काम दोन मिनिटांत समजावता आले पाहिजे, आणि न येणाऱ्या प्रश्नाला ‘मला माहीत नाही, पण मी याचा शोध असा घेईन’ असे म्हणता आले पाहिजे. घरातल्या किंवा ओळखीच्या, पण आपल्या विषयातल्या नसलेल्या तीन माणसांसमोर सराव करावा. ते जेथे कंटाळतात तेथे उत्तर लांबलेले असते.

‘पूर्ण’ शिष्यवृत्तीचा हिशोब आणि अटी

प्रस्तावाचे पत्र हाती आल्यावर आनंदात ते अर्धेच वाचले जाते. ‘पूर्ण शिष्यवृत्ती’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. शुल्क, निर्वाह भत्ता, विमानभाडे, व्हिसा, आरोग्य विमा, स्थिरावण्याचा सुरुवातीचा खर्च आणि प्रबंध किंवा क्षेत्रीय कामाचा खर्च, यांतले काय दिले आहे आणि काय नाही, हे कागदावर मांडावे. इरास्मस मुंडूसच्या 1,400 युरोंत प्रवास, व्हिसा आणि राहण्याची सोय हे सगळे बसवायचे असते. आणि तो अभ्यासक्रम दोन-तीन देशांत फिरवतो, तेव्हा प्रत्येक वेळी नवी खोली आणि नवी अनामत रक्कम लागते. ब्रिटनच्या व्हिसासाठी संपूर्ण मुदतीचा आरोग्य अधिभार अर्जाच्या वेळीच भरावा लागतो, म्हणून तो शिष्यवृत्तीत समाविष्ट आहे का ते पाहावे. पहिला भत्ता बहुधा पोहोचल्यानंतर काही आठवड्यांनी मिळतो, तेव्हा मधल्या काळासाठी थोडी रक्कम जवळ असावीच लागते. अमेरिकेत निर्वाह भत्त्यावर कर लागू शकतो. भत्ता किती वर्षांसाठी आहे आणि तो कोणत्या प्रगतीवर अवलंबून आहे, हेही विचारून घ्यावे. असे प्रश्न विचारल्याने प्रस्ताव मागे घेतला जात नाही.

परतण्याच्या अटी नीट वाचणे तर सर्वांत महत्त्वाचे. चेव्हनिंग घेणाऱ्याला शिक्षणानंतर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावे लागते. फुलब्राइटचे परदेशी विद्यार्थी अमेरिकेच्या ज्या देवाणघेवाण व्हिसावर जातात, त्याला दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट असते. ती पूर्ण केल्याशिवाय किंवा त्यातून अधिकृत सूट मिळाल्याशिवाय तेथील नोकरीचा नेहमीचा व्हिसा किंवा कायम वास्तव्य मिळत नाही. देणाऱ्याचा हेतू तुम्ही परतण्यात असेल, तर हे न्याय्यच आहे. ज्याला पदवीनंतर तेथेच काम करायचे आहे, त्याने अशी शिष्यवृत्ती घेऊन नंतर पळवाट शोधण्यापेक्षा विभागीय साहाय्याची वाट धरावी. तेथे अशी अट सहसा नसते.

एका धोक्याविषयी स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. विद्यापीठाचे प्रवेश-अर्ज शुल्क असू शकते आणि ते परवडत नसेल तर अनेक विद्यापीठे विनंतीवरून माफही करतात; पण शिष्यवृत्ती ‘मंजूर झाली आहे, आता प्रक्रिया शुल्क भरा’ असा निरोप आला तर तो फसवणुकीचा समजावा. खरी शिष्यवृत्ती देण्यासाठी कोणी तुमच्याकडून पैसे घेत नाही, हमखास मिळवून देण्याचे वचन कोणी देऊ शकत नाही, आणि ज्या शिष्यवृत्तीसाठी अर्जच केलेला नाही ती कोणालाही लागत नाही.

बहुतेकांना पहिल्या वर्षी नकार येतो. त्यात मनाला लागण्यासारखे पुष्कळ असले तरी अर्थ लावण्यासारखे थोडेच असते, कारण शेवटच्या फेरीत पोहोचलेल्यांतून निवडताना विषयांचा, प्रदेशांचा आणि उपलब्ध जागांचा तोल सांभाळला जातो आणि तो बाहेरून दिसत नाही. कोणत्या टप्प्यावर नकार आला, एवढे मात्र पाहावे. पहिल्याच छाननीत अर्ज गेला असेल तर पात्रता किंवा हेतुनिवेदन तपासावे. मुलाखतीनंतर गेला असेल तर तोच उमेदवार पुढच्या वर्षी, मधल्या बारा महिन्यांत केलेल्या कामासह, अधिक भक्कमपणे उभा राहू शकतो, आणि बहुतेक योजना पुन्हा अर्ज करू देतात. प्रवेश मिळाला पण पैसे मिळाले नाहीत, तर प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का, हे विद्यापीठाला लेखी विचारावे.

आणि प्रस्ताव एकाहून अधिक आले, तर घाईत उत्तर देण्याची गरज नसते. अमेरिकेतील बहुसंख्य पदव्युत्तर विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रस्तावाला 15 एप्रिलपूर्वी उत्तर देण्याचे बंधन विद्यार्थ्यावर नसते. मात्र निर्णय झाला की उरलेल्या ठिकाणी त्याच दिवशी नकार कळवावा. तुम्ही सोडलेली जागा प्रतीक्षा यादीतील पुढच्या विद्यार्थ्याला देऊ केली जाऊ शकते, आणि तोही अठरा महिन्यांपासून त्या एका पत्राची वाट पाहत असतो.